मोकळं करायचं राहून गेलं

एल्डनभाऊ,

मंगळवारी दुपारी लोइसवहिनींचा अमेरिकेहून फोन आला. तुम्ही गेल्याचं त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की पहिली काही वाक्यं मी नुसतं "हो, हो" करत ऐकली, आणि मग एकदम हुंदका फुटला. त्या तिकडून माझी समजूत काढू लागल्या. नवरा त्यांचा गेला आणि रडत मी बसले. तुम्हाला ऐकून हसू आलं असतं.

मी मात्र तुमच्यावर रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. दर शुक्रवारी दुपारी भरणारा मुलांचा मराठीचा वर्ग तुम्ही माझ्या गळ्यात घातलात, आणि कतार सोडताना मला त्यातून मोकळं न करताच विमानात बसलात. तुमच्याच नियमाप्रमाणे ज्यानं काम सोपवलं त्यानंच माणसाला मोकळं करायचं असतं. आता ते कोण करणार?

हा मजकूर आमच्या मंडळाच्या हस्तलिखित अंकात जाणार आहे. नव्यानं आलेल्या कुटुंबांनी तुम्हाला पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंच थोडं परत सांगते. कंटाळलात तर कंटाळा.

आपण एका कंपाउंडमध्ये राहायला आलो तेव्हा दोहा म्हणजे वाळू, क्रेन आणि अर्धवट रस्ते. वेस्ट बेला समुद्रात भराव टाकणं चालू होतं. आमचे हे आणि तुम्ही एकाच कंपनीत, तुम्ही साहेब, हे हाताखाली. "नवा अमेरिकन साहेब मॉर्मन आहे," ह्यांनी सांगितलं. मॉर्मन म्हणजे काय, हे ह्यांनाही ठाऊक नव्हतं. "ते लोक चहा पीत नाहीत," एवढीच माहिती ऑफिसातून मिळालेली. मला ती खरी वाटली नाही. तुम्ही दोघं पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हा आलं ठेचून, वेलदोडा घालून मी चहा केला, आणि तुम्ही तो हात जोडून नाकारलात. मग कॉफी? तीही नको. नाशिकला माझ्या माहेरी असा चहा नाकारला असता तर पुढची दोन वर्षं बोलणं बंद झालं असतं. माझा चेहरा बघून तुम्ही गरम पाणी मागितलंत आणि त्यावर फुंकर घालत, बशीत ओतून, इतक्या चवीनं प्यायलात की मला फुगून बसायची सोयच राहिली नाही.

मग हळूहळू कळत गेलं. तुमच्या धर्मात पगारी भटजी नाही, पाद्री नाही. आठवडाभर पाइपलाइनी बघणारा माणूसच सुट्टीच्या दिवशी प्रार्थना चालवतो. तुमचा प्रार्थनेचा वार रविवार, पण इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून तुम्ही मुकाट्यानं शुक्रवारालाच रविवार केलंत. कतारमध्ये तुमच्या पंथाचं तेव्हा दुसरं कोणीच नव्हतं. तुम्ही, वहिनी आणि तीन मुलं. तरी शुक्रवारी सकाळी तुम्ही सूट-टाय घालून आपल्याच दिवाणखान्यात आपल्याच बायकामुलांसमोर उभे राहायचात आणि प्रवचन करायचात. खिडकीचे पडदे ओढलेले, गाणी हलक्या आवाजात, बाहेर कोणाला त्रास नको. मी एकदा वाटीभर साखर मागायला आले आणि ते दृश्य बघून दारातच थबकले. बाहेर उन्हानं जीव चाललेला आणि आत हा माणूस टायची गाठ सैल न करता घरच्याच लोकांना "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणत होता. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, साहेबाला ऊन लागलंय.

पुढे त्या दिवाणखान्यात माणसं वाढत गेली. कोणी इंग्रज हिशेबनीस आला, दोन फिलिपिनो नर्सेस आल्या, कोणी अमेरिकन मास्तर सहकुटुंब आले. तुम्ही घडीच्या लोखंडी खुर्च्या आणल्यात, मग आणखी आणल्यात, मग त्या व्हरांड्यात मांडायची वेळ आली. सगळं तुमच्या एका टायच्या गाठीतून उभं राहिलेलं. मला त्याचं फार कौतुक वाटायचं, पण तोंडावर कधी म्हटलं नाही. उलट तुम्ही मला तुमच्या धर्मात ओढाल या भीतीनं मी नकाराचं एक छान वाक्य इंग्रजीत पाठ करून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत ते वापरायची संधी तुम्ही दिली नाहीत. धर्माचा विषय काढला तो नेहमी मीच.

आणि काय काय विचारायची मी! तुमच्या लोकांत पूर्वी एकेकाला पुष्कळ बायका असत, हे कुठेतरी वाचलं आणि भर जेवणात विचारलं, "तुमच्या पणजोबांना किती होत्या?" ह्यांना ठसका लागला. तुम्ही लाल झालात, पण खोटं बोलला नाहीत. "तीन," म्हणालात. "आणि मी ही गोष्ट ऑफिसात कधी सांगत नाही. एकदा सांगितली तर अरब सहकाऱ्यांच्या नजरेत माझा मान एकदम वाढला. मला तो नको होता." त्या दिवशी वहिनी किती हसल्या होत्या. ओवाळणीला त्याच वर्षी तुम्हाला बोलावलं. मुलांचे तुम्ही एल्डनकाका होतातच, माझे भाऊ झालात.

आता वर्गाचं.

तेव्हा घरची पत्रं आम्ही कॅसेटवर पाठवायचो. सगळ्यांनी टेपभोवती बसायचं, एकेकानं बोलायचं, आणि कोणी सुट्टीवर निघालं की त्याच्या हाती कॅसेट द्यायची. आमची अमृता टेपमध्ये आजीशी घडाघडा बोलली, सगळं इंग्रजीत. नाशिकहून उलट कॅसेट आली. सासूबाई म्हणत होत्या, "पोरीचा आवाज गोड आहे. काय बोलली ते शेजारचा कॉलेजातला मुलगा संध्याकाळी येऊन सांगणार आहे." मी टेप बंद केला आणि तुमच्या पायरीवर येऊन बसले. इथल्या शाळा अशा, मुलं अशी, ह्यांना वेळ नाही, मंडळातल्या बायकांना हौस नाही, असा सगळा पाढा मी तुमच्यापुढे वाचला. तुम्ही ऐकून घेतलंत. उपाय सांगितला नाहीत, त्याचाही मला राग आला.

पुढच्या आठवड्यात तुम्ही आणि वहिनी आमच्याकडे आलात. तुम्ही टाय घालून! मला वाटलं कोणी आजारी आहे. सोफ्याच्या कडेवर बसून तुम्ही म्हणालात, "आम्ही दोघांनी यावर विचार केला, प्रार्थना केली. आमची विनंती आहे की मराठीचा वर्ग तुम्ही घ्यावा. दर शुक्रवारी चार वाजता, आमच्या दिवाणखान्यात. खुर्च्या सकाळच्या मांडलेल्याच असतात."

"मी तुमच्या धर्मातली नाही," मी म्हटलं.

"मुलं तुमची आहेत," तुम्ही म्हणालात.

"ह्यांना विचारावं लागेल."

"त्यांना मी आधीच विचारलंय. ते हो म्हणाले."

मी उसळलेच. माझं काम आणि आधी माझ्या नवऱ्याला विचारायचं! तुम्ही समजावलंत की तुमच्यात कोणावर जबाबदारी टाकायची तर आधी घरच्यांना विचारतात, कारण ओझं घरावर पडतं. तुम्हाला प्रार्थना चालवायचं काम मिळालं तेव्हा वहिनींनाही विचारलं होतं. "आमच्यात काम कोणी मागून घेत नाही आणि दिलेलं कोणी सहसा टाळत नाही," तुम्ही म्हणालात. सहसा टाळत नाही! हे तुम्ही इतक्या गरीब चेहऱ्यानं म्हणालात की मी हो म्हणून बसले.

पहिल्या शुक्रवारी आमची दोन आणि कुलकर्ण्यांचं एक, एवढीच मुलं. मी म्हटलं, बंद करू. तुम्ही मागच्या खुर्चीवर येऊन बसलात. धड्यातलं अक्षर कळत नसलेला पाच फूट अकरा इंचाचा विद्यार्थी. तेव्हा कुठे मला उमगलं की घरच्याच लोकांसमोर सूट घालून उभं राहायला काय लागतं. वर्ष संपेपर्यंत व्हरांड्यात खुर्च्या मांडाव्या लागल्या. दिवाळीच्या कार्यक्रमाला नजमा भागातल्या कामगारांच्या खोल्यांतून सुतार, वेल्डर, ड्रायव्हर असे आपले कितीतरी गडी आले. घरापासून लांब राहणारी ती माणसं मुलांच्या तोंडून मराठी कविता ऐकून डोळे पुसत होती, आणि तुम्ही त्यांच्यामागून खुर्च्या उचलून पिकअपमध्ये रचत होतात.

बाबा गेले तेव्हाचं बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तार आली त्या दिवशी मला निघता आलं नाही. कागदपत्रं कंपनीत अडकलेली, देशाबाहेर जायचा परवाना नाही. तुम्ही परवान्यासाठी दिवसभर कचेऱ्यांत खेपा घातल्यात, "इन्शाल्ला, उद्या," ऐकून परत आलात आणि माझ्यापुढे खुर्ची घेऊन बसलात. ते आता चांगल्या जागी आहेत वगैरे काही म्हणाला नाहीत. "तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी पिठलं-भात आणून देतात. त्या संध्याकाळी वहिनी पातेलं घेऊन आल्या. पिठलं कसं करतात ते कुलकर्णीबाईंना फोनवर विचारून केलेलं. मिरची नाही, मीठ कमी, घट्ट इतकं की सुरीनं कापावं. भाऊ, आयुष्यात मी त्याहून वाईट पिठलं खाल्लं नाही आणि त्याच्याइतकं कुठलं जेवण माझ्या आठवणीत राहिलेलं नाही. तुमच्या घरात त्या दिवशी माझ्या बाबांसाठी सगळ्यांनी उपास केला होता, हे मला पुष्कळ नंतर तुमच्या धाकट्याकडून कळलं. तुम्ही सांगितलं नव्हतंत.

आणि मग तो शुक्रवार, ज्याच्यावरून आपलं भांडण झालं.

वर्गाची तयारी करायला मी त्या दिवशी सकाळीच आले. तुमची प्रार्थना अजून चालू होती. दिवाणखान्यात पुढे उभा होता तो इंग्रज हिशेबनीस, तुमच्याहून कितीतरी लहान. तुम्ही कुठे दिसेनात. स्वयंपाकघराच्या बाजूनं चिवचिवाट ऐकू आला म्हणून डोकावले, तर तुम्ही सतरंजीवर गुडघे टेकून बसलेले. भोवती दोन-तीन वर्षांची पोरं, एक तुमच्या पाठीवर, आणि हातात तुमच्याच मोज्यांची केलेली बाहुली. टाय तशीच.

"हे काय?" मी विचारलं.

"मला मोकळं केलं," तुम्ही म्हणालात. "आता हे काम."

मला वाटलं कोणीतरी राजकारण केलं. आपल्या मंडळांत जे होतं तेच मनात आलं. शून्यातून ज्यानं हे उभं केलं त्याला बाजूला सारून पोरांचे शेंबूड पुसायला बसवलं! तुम्ही मला परोपरीनं सांगितलंत की असं काही नाही, तुमच्यात प्रार्थना चालवणारा अध्यक्ष कायमचा नसतोच. काही वर्षं झाली की त्याला मोकळं करतात, दुसऱ्याला बसवतात, आणि पहिला जे मिळेल ते काम करतो. शिक्षा नाही, बढती नाही, काही नाही.

"अपमान नाही वाटला?"

"इतकी वर्षं मी पुढे बसायचो आणि लोइस एकटी तीन मुलं सांभाळत मागे," तुम्ही म्हणालात. "आज गाणं म्हणताना मी तिच्या शेजारी उभा होतो."

याला काय बोलणार? तरी मी बोललेच. ज्यानं पेरलं त्यालाच पीक बघायला मिळू नये हा कुठला न्याय, असं काहीतरी. तेव्हा तुम्ही तुमच्या पणजीची गोष्ट सांगितलीत. छळाला कंटाळून तुमचे लोक गाव सोडून पश्चिमेला निघाले तेव्हा ती बाई सामानाची हातगाडी ओढत चालली होती. त्यांच्याही आधी गेलेल्यांनी वाटेत थांबून जमीन नांगरली, बी पेरलं, आणि उगवायची वाट न बघता पुढे गेले, मागून येणाऱ्यांना खायला मिळावं म्हणून. "ज्यांनी पेरलं त्यांची नावंसुद्धा तिला माहीत नव्हती," तुम्ही म्हणालात. आणि मग, ज्याच्यासाठी मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही ते वाक्य: "तुम्ही तुमचा वर्ग कोणाला देणार?"

त्याच्या आदल्याच आठवड्यात सुनंदा मला भेटून गेली होती, हे तुम्हाला कुलकर्ण्यांकडून कळलं असणार. ती लातूरची. नवरा एसीच्या कंपनीत सुपरवायझर, आणि ही मुलांत मूल होणारी. "बाई, लेकरं कंटाळायलेत," ती मला म्हणाली होती. "जरा खेळवत घ्यावं का? मी घेऊ का एखादा तास?" मी तिला गोड बोलून वाटेला लावलं. माझ्या वर्गात न आणि ण वेगळे असत, पाठांतर असे, शिस्त असे. तिच्या हाती दिला असता तर मुलांनी "करायलेत, बोलायलेत" सुरू केलं असतं! तुम्हाला मी सांगितलं की आमच्यात तसलं मोकळं करणं-बिरणं नसतं.

"काम तुम्हाला मी सोपवलं," तुम्ही म्हणालात.

"मग करा मला मोकळं! बघू बरं!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पाठीवरचं पोर खाली उतरवलंत आणि म्हणालात, "आज नको."

तो 'आज' पुढे कधी आलाच नाही. दोन वर्षं तुम्ही ती मोज्यांची बाहुली नाचवत राहिलात, पूर्वीच्या प्रवचनाइतकीच तयारी करून, आणि मग तुमचा करार संपला. विमानतळावर ह्यांना मिठी मारलीत, मुलांच्या डोक्यावर हात ठेवलात. मी वाट बघत होते. आता म्हणाल, आता म्हणाल. तुम्ही फक्त "खुर्च्या वर्गाला ठेवल्यात," एवढं सांगून आत गेलात.

त्यानंतर सुनंदानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तिला हसत सांगितलं, "अगं, मला अजून कोणी मोकळं केलेलं नाही." वर्ग आता आमच्या हॉलमध्ये भरतो. व्हरांड्यापर्यंत गेलेल्या खुर्च्या परत आत आल्या आहेत. मोठी मुलं घड्याळ बघतात, लहानांना आया ओढून आणतात. मला हे दिसत नव्हतं असं नाही. पण जे मी हातांनी उभं केलं ते माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचं व्हावं, हे मला सोसणार नव्हतं. तुम्हाला सोसलं म्हणून सगळ्यांना सोसतं का?

मंगळवारी रडणं ओसरल्यावर मी वहिनींना हेच विचारलं. म्हटलं, वहिनी, मला मोकळं करायचं भाऊ विसरले का हो? मग त्या चक्क हसल्या. म्हणाल्या, "विसरला नाही. विमानात बसल्यावर मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, मला त्या बाईची भीती वाटते."

भाऊ! वाळवंटात आपल्या घरच्यांपुढे टाय घालून उभे राहिलात, तीन पणज्या कबूल केल्यात, आणि मला घाबरलात? मी फोन ठेवला आणि हसू की रडू कळेना. मग पुढे दोन दिवस ते वाक्य मनातून जाईना. मला मोकळं करायला आता कोणी उरलेलं नाही. मीच उरले आहे.

काल शुक्रवार होता. मुलांना तुमच्याबद्दल सांगितलं. तुम्हाला पाहिलेली मुलं आता वर्गात थोडीच आहेत. मग सुनंदाला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, आजपासून वर्ग हिचा. ती घाबरली, माझ्या पाया पडली, मग पदर खोचून उभी राहिली. "मी कुठं बसू?" मी विचारलं. "बसा की बाई, कुठंबी," ती म्हणाली. मी मागच्या ओळीत मुलांमध्ये बसले.

तिनं खडू हातात घेतलाच नाही. पिशवीतून मुठी भरून कडधान्यं काढली, मुलांच्या हातांवर ठेवली आणि विचारलं, "सांगा बघू, ह्यो कोणता दाणा? आजीच्या घरी काय म्हणतेत याला?" हॉलमध्ये एकदम शांतता. कोणालाच येईना. मुलं दाणे उलटेपालटे करत होती, एकमेकांकडे बघत होती. ती शांतता वाढतच गेली, मला ती सहन होईना, आणि भाऊ, काय झालं मला कळलं नाही, मी हात वर केला.

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. "थांबा की बाई," ती हळूच म्हणाली. "लेकरं सांगायलेत."

मी हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून मांडीवर ठेवला. तो खाली ठेवायला किती जोर लागतो ते तेव्हा मला कळलं. आजवर मी समजत होते की तुम्हाला ते जमलं कारण तुम्हाला सोपं होतं. त्या सतरंजीवर गुडघे टेकून बसला होतात तेव्हा भिंतीपलीकडे तुमच्या हॉलमध्ये दुसराच कोणी बोलत होता. तो कुठे चुकतो, कुठे अडतो, हे सगळं तुम्हाला ऐकू येत असणार. मी तुम्हाला अपमान वाटला का ते विचारलं. अवघड गेलं का, ते विचारलंच नाही.